भारुडासाठी कॉर्डलेस माईक घेतला त्याची गोष्ट

आमचे आप्पा भारूड करतात, तीस-पस्तीस वर्षं झाली. पायात चाळ, एका हातात चिपळ्या, दुसऱ्या हातात माईक. आणि भारूड काय एका जागी उभं राहून होत नाही, ते लोकांत घुसतं, बायकांच्या बैठकीपर्यंत जातं, एखाद्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात बसून त्यालाच सवाल करतं. मागच्या वर्षी हनुमान जयंतीच्या सप्त्यात माईकची वायर त्यांच्या चाळात अडकली आणि ते देवळाच्या कट्ट्यावरनं खाली आले. वय ७१. गुडघा फुटला, मनगट सुजलं. त्या रात्री आई एवढंच बोलली, "वायरीचा माईक परत ह्यांच्या हातात द्यायचा न्हाई." मग ते काम माझ्याकडं आलं.

आमचं गाव सांगलीपासून दहा-बारा किलोमीटर, कृष्णाकाठी. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं व्होल्ट-अँपिअर समजतं, पण मेगाहर्ट्झशी कधी संबंध आलेला नव्हता. सांगलीतल्या एका दुकानातनं साडेतीन हजाराला कॉर्डलेसचा सेट आणला, दोन माईक, एक रिसीव्हर, वर दोन अँटेना, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात रेंज १०० मीटर. दुकानात काउंटरपासनं दारापर्यंत बोलत गेलो, आवाज एकदम क्लिअर, घेऊन आलो.

देवळात लावला आणि पहिल्याच तालमीला आप्पांचा आवाज मधनंच गायब व्हायला लागला. खरखर आधी, मग एक-दोन शब्द गिळलेले, मग परत आवाज. ज्यांनी भारूड ऐकलंय त्यांना हे किती वाईट ते कळेल, कारण भारुडात ओळीचा शेवटचा शब्द हाच सगळा खेळ असतो, तिथं लोक हसतात नाहीतर गप्प होतात, आणि नेमका तोच शब्द भोंग्यातनं आला नाही तर समोरची माणसं एकमेकांकडं बघत बसतात. आप्पांनी तो माईक खाली ठेवला आणि म्हणाले, "ह्यापरास बिनमाईकचं बरं." पण ७१ व्या वर्षी हजार-बाराशे माणसांपुढं बिनमाईकचं दोन तास कसं करणार.

माझा पुतण्या वालचंद कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्सला आहे. रविवारी घरी आला तेव्हा त्याला दाखवलं. त्यानं आधी रिसीव्हर उघडला नाही का काही नाही, मला म्हणाला काका, तुम्ही माईक तोंडापुढं धरून एक-दोन-तीन मोजत सगळ्या मंडपात चाला, जिथं आवाज पडेल तिथं खूण करू. शाळेतनं कबड्डीचं मैदान आखायची फक्की आणली. मी मोजत चाललो, तो मागनं पांढरे ठिपके टाकत. आमच्या देवळापुढं पत्र्याचं मोठं शेड आहे, मागची बाजू पण पत्र्यानं बंद. त्या मागच्या पत्र्याकडं तोंड करून चालायला लागलो की साधारण अडीच-अडीच फुटांवर ठिपका पडायचा, अगदी रांगेत, जसं कुणी रोपं लावलीत.

त्यानं मग टेप लावून मोजलं आणि तिथंच वहीत मांडून दाखवलं. माईकमधनं निघालेली लहर सरळ रिसीव्हरकडं जाते आणि तीच लहर मागच्या पत्र्यावर आपटून परत पण येते. दोन्ही जिथं एकमेकींच्या विरुद्ध येऊन भेटतात तिथं सिग्नल मरतो. हा सेट व्हीएचएफ, दोनशे मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा, म्हणजे लहर साधारण दीड मीटर लांब आणि पत्र्यापुढं अशा मेलेल्या जागा निम्म्या लहरीवर, म्हणजे पाऊण मीटरवर. पाऊण मीटर म्हणजेच आमचे अडीच फूट. मला हे बघून खरंच अंगावर काटा आला, कारण न दिसणारी गोष्ट फक्कीनं जमिनीवर दिसत होती.

आप्पा कट्ट्यावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "एवढं ध्यानात ठिवून भारूड व्हत नसतं बाळ." बरोबर होतं त्यांचं.

मी विचारलं की मग ह्या दोन अँटेना कशाला आहेत, दुकानदारानं तर सांगितलं होतं दोन अँटेना म्हणजे सिग्नल जाणार नाही. पुतण्या म्हणाला, काका, इथं पहिल्या माईकला पहिली अँटेना आणि दुसऱ्या माईकला दुसरी, म्हणजे प्रत्येकाला एकच. खरी डायव्हर्सिटी म्हणजे एकाच माईकसाठी दोन अँटेना, आणि ट्रू डायव्हर्सिटी म्हणजे त्या दोन अँटेनांमागं दोन स्वतंत्र रिसीव्हर, ज्याचा सिग्नल चांगला त्याचा आवाज पुढं जातो. एक अँटेना मेलेल्या जागेत सापडली तरी त्याच वेळी दुसरी पण सापडेल असं सहसा होत नाही. दुकानात रिसीव्हरवर ए आणि बी असे दोन दिवे आहेत का आणि माईक फिरवल्यावर ते आलटून पालटून लागतात का बघायचं, ही त्यानं दिलेली खूण मी पाठच करून ठेवली.

तिथनं पुढं महिनाभर मी फक्त कागद वाचत होतो. प्रत्येक माईकबरोबर स्पेसिफिकेशनचा एक कागद येतो, नेटवर पण असतो, बारीक अक्षरात पंधरा-वीस ओळी. आपण तो कधी बघत नाही, आपण रेंज बघतो आणि रंग बघतो. रेंजचा आकडा मोकळ्या मैदानात, माईक आणि रिसीव्हर एकमेकांना समोरासमोर दिसत असताना काढलेला असतो, तिथं मधी हजार माणसं बसलेली नसतात. माणसाच्या अंगात पाणी जास्त, ते सिग्नल शोषून घेतं. म्हणून १०० मीटर लिहिलेला सेट आमच्या मंडपात तीस मीटर नीट चालला तरी मला पुरत होतं. पॉवरचं पण तसंच, कागदावर १० मिलिवॅट कुठं, ३० मिलिवॅट कुठं असतं, आणि ३० म्हणजे तिप्पट लांब जाणार असं वाटतं, पण मोकळ्यावर सुद्धा दुप्पट लांब जायला चौपट ताकद लागते, आणि वर सेल लवकर संपतात ते वेगळंच.

फ्रिक्वेन्सीची ओळ, म्हणजे माईक हवेत कुठल्या मेगाहर्ट्झवर चालतो ती, सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेली. कोल्हापूर रोडला एकजण ऑर्केस्ट्राचं सामान काढत होता, त्याच्याकडं चांगल्या परदेशी कंपनीचा जुना सेट होता, निम्म्या किमतीत देतो म्हणाला. मी जवळजवळ घेतलाच होता. पण रिसीव्हरच्या मागं लिहिलं होतं ७४० ते ७५२ मेगाहर्ट्झ. ७०३ पासून ८०३ पर्यंतचा पट्टा आता मोबाईलवाल्यांचा आहे, २०२२ च्या लिलावात जिओनं ७०० चा पट्टा घेतला आणि त्यावर फाईव्ह जी चालतं. जत्रेत प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, गावच्या वेशीला टॉवर, आणि आपला माईक त्यांच्याच वाटेवर उभा. माणूस लबाड नव्हता, त्यानं घेतला तेव्हा तो पट्टा मोकळा होता. पण जुना माल घेणाऱ्यांनी हे बघाच, रिसीव्हर पालथा करून आकडा वाचा आणि ७०० च्या वरचा असेल तर कितीही मोठं नाव असूदे, सोडून द्या.

मग २.४ गीगाहर्ट्झवाले डिजिटल बघितले. आवाज सुंदर, सेटिंग सोपं, चार्जिंगची बॅटरी आतच. डिजिटलला आवाज उशिरा येतो असं एकजण म्हणाला होता पण तो उशीर तीन-चार मिलिसेकंदाचा असतो, आणि हवेतनं आवाज तीन मिलिसेकंदात एक मीटर जातो, म्हणजे भोंगा चार पावलं मागं सरकवला तरी एवढा उशीर होतोच, त्याचं काही वाटून घेऊ नये. माझी अडचण वेगळी होती, २.४ म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथची वाट. आमच्या सप्त्याला निम्मी पोरं मोबाईल वर धरून लाईव्ह करत असतात, कुणाचं हॉटस्पॉट चालू, कुणाचा ब्लूटूथ. शिवाय ही लहर जेमतेम १२ सेंटिमीटरची, माणसांच्या गर्दीतनं तिला वाट काढणं जड. चार भिंतींच्या हॉलमध्ये, शे-दोनशे माणसांत मी तोच घेतला असता. आमच्यासाठी नको ठरवलं. यूएचएफ (व्हीएचएफच्या वरचा पट्टा), ४७० ते ६९८ मेगाहर्ट्झच्या मधला, फ्रिक्वेन्सी बदलता येणारा, ट्रू डायव्हर्सिटी, एवढं नक्की झालं.

आता आवाज. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणून एक ओळ असते, माईक किती खालच्या सुरापासनं किती वरच्या सुरापर्यंत पकडतो ते, आणि दुकानदार तिथं २० ते २०,००० दाखवून भाव वाढवतात. १९६६ पासून जगभर गाणारे ज्यावर गातात त्या शुअरच्या एसएम५८ चा आकडाच ५० ते १५,००० हर्ट्झ आहे. माणसाच्या गळ्याला तेवढं बास आहे. आणि आमच्या देवळावर भोंगे, ते तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवत नाहीत आणि वर सहा-सात हजाराच्या पुढं त्यांचा दम संपतो, मग वीस हजाराचे पैसे कशाला द्यायचे. आकड्यापेक्षा त्या कागदावरचा आलेख बघा, रेघ कुठं वर उचललीय ते. चार-पाच हजाराच्या आसपास थोडी वर गेलेली असेल तर शब्द उठून येतात, च, स, ट नीट कळतात. भारुडाला तेच पाहिजे.

आणि ज्याचा कागदावरनं मला काहीच अंदाज येईना ती गोष्ट म्हणजे सिग्नल टू नॉईज, म्हणजे खऱ्या आवाजापुढं मागची सरसर किती बारीक, १०० डीबी का ९५ का १०५. ॲनालॉग कॉर्डलेसमध्ये आवाज पाठवताना दाबून लहान करतात आणि रिसीव्हरमध्ये परत फुलवतात, त्याला कंपँडर म्हणतात. हे काम हलक्या सेटमध्ये नीट होत नाही, पण बोलताना ते कळत पण नाही. मिरजेत माझा एक मित्र आहे, सतारमेकरांच्या घरातला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते काम त्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या चाललंय. दोन सेट ट्रायलला मिळाले होते ते घेऊन त्याच्याकडं गेलो. त्यानं दुकानाचं दार लावलं, पंखा बंद केला, नुकताच जवारी काढलेला तंबोरा मांडीवर घेतला, माईक भोपळ्यापुढं धरायला लावला आणि मला हेडफोन दिला. एकच खर्जाची तार छेडली आणि हात बाजूला घेतला.

पहिल्या सेटवर तार वाजली तोपर्यंत सगळं छान, पण जसजशी ती विरत गेली तसतशी तिच्या मागं सर्रर्र अशी हवा वर यायला लागली, आणि तार पूर्ण विरायच्या आधीच एकदम कुणीतरी दार लावल्यासारखी शांतता. दुसऱ्या सेटवर तार बारीक होत होत कधी संपली ते समजलंच नाही, शेवटी फक्त माझ्याच कानातला आवाज राहिला. त्यानं पण हेडफोन लावून दोन्ही ऐकले, पाच-सहा वेळा तार छेडली, आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाला, "ह्यात शेपूट तुटत न्हाई." दोन्हींच्या कागदावर आकडा जवळजवळ सारखाच होता. मी त्या दिवशी ठरवलं की माईकवर हॅलो हॅलो करून काही कळत नसतं, काहीतरी हळूहळू विरणारं वाजवून बघायचं. तंबोरा नसेल तर देवळातली घंटा चालेल.

तो दुसरा सेट घेतला. बावीस हजार, मंडळाच्या वर्गणीतनं आणि थोडे घरचे. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, कारण तुमचं देऊळ, तुमचा मंडप, तुमचा गाणारा वेगळा.

मग आप्पांच्या हाताशी त्याला जुळवायला आठवडा गेला. आप्पांची माईक धरायची सवय म्हणजे दोन टोकाच्या दोन. रंगात आले की मूठ वर सरकून जाळीवर यायची. कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो आणि मागचं ऐकत नाही, पण ते त्याला जमतं जाळीच्या मागनं असलेल्या फटींमुळं, तिथं मूठ आवळली की तो सगळीकडचं ऐकायला लागतो आणि भोंगा शिट्टी मारतो. लोक साउंडवाल्याला शिव्या देतात, कारण असतं मुठीत. आणि दमले की हात घसरून एकदम बुडाला यायचा, तिथं तर ह्या माईकची अँटेना. मुठीनं अँटेना झाकली की सिग्नल पडतोच. मी मधल्या भागाला सुती चिकटपट्टीचे दोन वेढे मारले, खरखरीत, म्हणजे बोटांना जागा कळेल. त्यांना नुसतं सांगितलं, "आप्पा, पट्टीच्या वरबी न्हाई आणि खालीबी न्हाई." चार दिवसात हात बसला. तीस वर्षं एका पद्धतीनं काम केलेल्या माणसानं ७१ व्या वर्षी हात बदलला ह्याचं मला फार वाटलं.

सुपरकार्डिऑइड पण मिळत होता, शिट्टीला जास्त चांगला म्हणतात. पण तो अरुंद, तोंड जरा बाजूला गेलं की आवाज उतरतो, आणि सरळ मागनं थोडं ऐकतो. नाचणाऱ्या माणसाच्या हातात मला साधा कार्डिऑइडच बरा वाटला. माईकवर गेनचं, म्हणजे आवाज किती जोरात आत घ्यायचा त्याचं बटण होतं, शून्य आणि उणे दहा. आप्पा हळू बोलता बोलता एकदम खच्चून ओरडतात, त्यामुळं उणे दहावर ठेवलं आणि लाल दिवा लागायचा बंद झाला. रिसीव्हर आधी मशीनच्या मागं, लोखंडी टेबलाखाली होता. तो काढून खांबाला फळी ठोकून माणसांच्या डोक्याच्या वर ठेवला, अँटेना इंग्रजी व्ही सारख्या उघडून. पुतण्यानं परत फक्की आणली. सगळ्या शेडभर, पारापर्यंत, बायकांच्या बाजूला चाललो. दोन ठिपके पडले, दोन्ही शेडच्या बाहेर, पाण्याच्या टाकीच्या पलीकडं.

सेलचं सांगायचं राहिलं. दोन पेन्सिल सेल, कागदावर १४ तास. हे अल्कलाईनचं गणित आहे, किराणा दुकानातले साधे सेल घातले तर तेवढं चालत नाही. चार्जिंगचे घातले तर ते १.२ व्होल्टचे असल्यामुळं दिवा आधीपासनंच कमी दाखवतो आणि शेवटी अचानक जातो. मी रोज भारुडाआधी नवे अल्कलाईन घालतो आणि काढलेले घरच्या घड्याळांना.

सप्त्याच्या आदल्या रात्री एक घोळ झालाच. गायकाला आणि दुसऱ्या सोंगाला पण कॉर्डलेस पाहिजे म्हणून साउंडवाल्यानं त्याचे दोन आणले, त्यांच्या पण फ्रिक्वेन्सी बदलता येत होत्या. लक्षात राहावं म्हणून त्यानं ६००, ६०१ आणि आमचा ६०२ असे लावले. एकेक चालू केला तर तिन्ही उत्तम. तिन्ही एकदम चालू केले की आप्पांच्या माईकमध्ये गुरगुर. सगळ्यांनी आमच्या नवीन माईककडं बघितलं. पुतण्याला फोन लावला, तो म्हणाला आकडे सांगा, आणि फोनवरच बोलला, काका, ६०१ ची दुप्पट करा आणि त्यातनं ६०० वजा करा. १२०२ वजा ६००, ६०२. दोन माईक जवळ आले की त्यांच्या दोन लहरी मिळून तिसरी लहर तयार होते आणि ती बरोबर आप्पांच्या जागेवर येऊन बसते. सारख्या अंतरावर लावायचेच नाहीत. कंपन्या रिसीव्हरमध्ये ग्रुप करून देतात ते ह्यासाठीच, आतले आकडे असे हिशोब करून ठेवलेले असतात, पण हे दोन कंपन्यांचे सेट, त्यामुळं हातानंच करायला लागलं. ६०० आणि ६०१ तसेच ठेवले, आप्पांचा ६०४.३ वर नेला, सगळी जोडपी घेऊन वहीत वजाबाक्या करून बघितल्या, कुठली कुणावर येत नव्हती. गुरगुर गेली. साउंडवाल्यानं तो कागद माझ्याकडनं मागून घेतला आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या रात्री आप्पा कट्ट्यावरनं नीट पायऱ्या उतरून खाली आले, चाळ वाजवत बायकांच्या बाजूनं पारापर्यंत गेले, पारावरच्या म्हाताऱ्यांच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि एकदम आवाज खाली आणून एक ओळ म्हणाली, जवळजवळ कानात सांगितल्यासारखी. मी खांबाजवळ रिसीव्हरच्या दिव्यांकडं बघत होतो, ए गेला, बी लागला, परत ए. वरच्या भोंग्यातनं शेवटचा शब्द पूर्ण आला.

मध्यंतरात पाणी प्यायला आले तेव्हा घाम पुसत मला विचारलं, "चालू हाय न्हवं रं माईक? खरखर कायच ऐकू येईना."

"चालूच हाय आप्पा," म्हणालो आणि सेल बदलायला माईक घेतला.